निशाण सोडण्याची तालीम

बंदुकीचं लायसन मिळेना, म्हणून माझ्या हातात निशाण आलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहत होतो. मी एका विमा कंपनीच्या आयटीत होतो, बायको कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ जायची. शनिवार-रविवार म्हणजे आठवड्याचं धुणं, इंडियन स्टोअरची भाजी आणि कुणाकडे तरी जेवण. पुण्याहून आलेल्या बहुतेकांचा वीकएंड असाच जायचा आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक इंग्रज टेस्टर बसायचा. अबोल, टापटीप माणूस. पण उन्हाळ्यातल्या सोमवारी त्याची नखं काळी असायची, आणि एकदा तर तो डावी भुवई अर्धी जळलेल्या अवस्थेत आला. मी विचारलं, "वीकएंडला काय केलंस?"

"लढाई," तो म्हणाला आणि मॉनिटरकडे वळला.

हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं. या देशात जुन्या लढाया पुन्हा लढून दाखवणाऱ्या हौशी लोकांच्या संस्था आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे कपडे ते शिवून घेतात, माळावर तंबू ठोकून राहतात, आणि तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर ती लढाई जशी झाली तशी करतात. याची संस्था नेपोलियनच्या काळातल्या एका इंग्रज पलटणीची होती. "बघायला ये," तो म्हणाला. मी गेलो. दुसऱ्या वेळी कुणीतरी माझ्या अंगावर लाल कोट चढवला, आणि मग मी जातच राहिलो.

का, ते बायकोनं खूपदा विचारलं. मला एवढंच सांगता आलं की आठवडाभर मी मीटिंगमध्ये बसून सगळ्यांना 'तुमचं काय मत?' असं विचारत असतो. तिथे एक माणूस ओरडतो 'डावीकडे वळ' आणि मी वळतो. मला विश्रांती मिळते.

संस्थेच्या बंदुकांत गोळी नसायची, पण दारू खरी असायची. त्यासाठी पोलिसांचं सर्टिफिकेट हवं आणि घरात भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं लोखंडी कपाट हवं. आमचा घरमालक चित्रासाठी खिळासुद्धा ठोकू न देणारा. कपाटाचं नाव काढताच त्यानं फोन ठेवला. म्हणजे मी रांगेत उभा राहणार, पण बिनबंदुकीचा.

आमच्या तुकडीचे सार्जंट साठीच्या पुढचे होते. आयुष्यभर गॅसचे बॉयलर दुरुस्त करून रिटायर झालेले, उजवा गुडघा अधू, आवाज मात्र माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. संस्थेत सगळे त्यांना सार्जंटच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. त्यांनी मला पुढून-मागून पाहिलं.

"उंच आहेस. खांदे बरे आहेत. बंदूक नाही ना? मग निशाण घे."

त्या काळी इंग्रजांच्या प्रत्येक पलटणीची दोन निशाणं असत. एक राजाचं, एक पलटणीचं स्वतःचं. आमच्या कोटाची कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या पिवळ्या, म्हणून पलटणीचं निशाणही पिवळं. चांगलं माणसाच्या उंचीएवढं चौकोनी रेशीम, मध्ये फुलापानांचं कडं, आणि हे सगळं माझ्यापेक्षा बऱ्याच उंच दांड्यावर. कमरेच्या पट्ट्याला एक चामडी खोबण, तिच्यात दांड्याचं बूड ठेवायचं. वारा नसेल तर ठीक. वारा आला की निशाण माणसाला घेऊन चालायला लागतं.

"हे एवढं मोठं कशाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"धुरात दिसावं म्हणून," सार्जंट म्हणाले. "दोन फैरी झाल्या की शेजारचा माणूस दिसत नाही. ऑर्डर ऐकू येत नाही. मग शिपायानं वर बघायचं. निशाण दिसलं की तिकडे जायचं. आणि शत्रूला ते माहीत असतं, त्यामुळे त्याचाही डोळा निशाणावरच. धरणारा अधिकारी सगळ्यात ज्युनिअर. त्याला वाचवायला बाजूला आमच्यासारखे सार्जंट. हातात बंदूक नाही, नुसता आखूड भाला."

"म्हणजे धरणारा मरतोच?"

"पुष्कळदा. एक पडला की दुसऱ्यानं उचलायचं, तो पडला की तिसऱ्यानं." मग ते म्हणाले, "आपल्या पलटणीनं मात्र हे पिवळं घालवलं. स्पेनमध्ये. बाजूनं घोडदळ आलं आणि कुणाला वळायला वेळच मिळाला नाही."

आमची संस्था बहुतेक वेळा तीच लढाई करायची. हार असली तरी लोकांना बघायला आवडायची. तेव्हा ते निशाण मैदानात नेणं, थोडा वेळ फडकवणं आणि ठरलेल्या वेळी शत्रूला घेऊ देणं, हे सगळं माझ्याकडे आलं.

त्या सप्टेंबरात मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका डॉक्टर काकांनी मला गाठलं. ते तीस वर्षांपूर्वी इथे आलेले, हॉस्पिटलातून नुकतेच रिटायर झालेले. बायकोनं लायब्ररीतल्या गप्पांत माझा छंद कुणाला तरी सांगितला होता, तो त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"ज्यांनी शनिवारवाड्यावर स्वतःचं निशाण चढवलं, त्यांचंच निशाण घेऊन तू फिरतोस? आणि पुण्याचा ना तू?"

"काका, फिरतो कुठे? दर वेळी घालवूनच येतो."

रांगेतले लोक हसले. काकाही हसले, पण मान हलवत पुढे गेले. घरी जाताना बायकोनं विचारलं, "चेष्टा राहू दे. तुला खरंच काही वाटत नाही?"

"पहिल्यांदा कोट घातला तेव्हा वाटलं. आरशात बघवलं नाही. मग उकडायला लागलं."

ते खरंच होतं. जुलैच्या उन्हात तो जाड लोकरी कोट घालून उभं राहिलं की डोक्यात इतिहास फार वेळ टिकत नाही. तरी एकदा मी सार्जंटना हे सगळं सांगितलं. शनिवारवाडा, जरीपटका, हत्तीच्या पाठीवरून चालणारं मराठ्यांचं निशाण. ते पाइप भरता भरता ऐकत होते.

"हत्तीवर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ते घ्यायला फार त्रास झाला असणार," ते म्हणाले. पुढच्या कॅम्पला त्यांनी लायब्ररीतून मराठ्यांच्या लढायांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि त्यांच्याकडे मला विचारायला प्रश्न होते. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला माहीत नव्हती.

निशाण सोडायलाही शिकावं लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्यावर चालून येणारी घोडेस्वार म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातली एक नर्स. ती फ्रेंच बाजूच्या संस्थेतली होती. नेपोलियनच्या सैन्यातल्या पोलिश भालाइताचा निळा पोशाख ती घालायची आणि तिची तपकिरी घोडी फार देखणी होती. तिनं मला तालमीत सांगितलं, "मी दांडा धरला की एक श्वासभर घट्ट धर. लोकांना ओढाताण दिसली पाहिजे. मग सोड. उशिरा सोडलंस तर मी घोड्यावरून खाली येईन."

"आणि लवकर सोडलं तर?"

"तर तू मला ते देऊन टाकलंस असं दिसेल."

मी सुरुवातीला लवकरच सोडायचो. घोडी अंगावर आली की हात आपोआप उघडायचा. सार्जंट मागून ओरडायचे, "अरे, पेपर टाकतोयस का तिच्या दारात?" मग मी घराजवळच्या पार्कात पडद्याच्या दांड्याला चादर बांधून सराव करायला लागलो. सकाळी फिरायला येणाऱ्या गुजराती बायकांनी दोन-तीन दिवस दुरून पाहिलं आणि मग एकीनं विचारलं की मी कशाची जाहिरात करतोय.

सार्जंटच्या पत्नीला मी मनातल्या मनात सार्जंटबाई म्हणायचो. ठेंगण्या, गोऱ्यापान, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. लढाईच्या वेळी त्या मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडे, प्रेक्षकांत खुर्ची टाकून बसायच्या, एरवी तंबूत चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या. पिवळं निशाण त्यांनी शिवलं होतं. दोन हिवाळे लागले होते त्यांना. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी फूल, आयर्लंडची तिपानी, सगळं हातानं भरलेलं. दर लढाईत ते कुठेतरी फाटायचं. भाल्याचं टोक लागायचं, घोडीचा पाय पडायचा, चिखलात फरफटायचं. संध्याकाळी ते मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि मी समोर कडा ताणून धरायचो.

एका शनिवारी त्या मला आणि बायकोला एका गावच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. तिथे एका पलटणीची खरी निशाणं टांगलेली होती. निशाण जुनं झालं की पलटण ते चर्चला देते, आणि मग ते तिथेच लटकत राहतं. त्याला कुणी हात लावत नाही. आम्ही मान वर करून बघत होतो. रंग उकळून गेलेल्या चहाचा, कापड जाळीसारखं, मध्ये कुठे कुठे काहीच नाही. खाली फरशीवर बारीक धुळीसारखं काही पडलं होतं.

"हे असंच संपणार?" बायकोनं विचारलं.

"असंच," सार्जंटबाई म्हणाल्या. "मोठा मान आहे म्हणे हा. मला नाही आवडत. माझं निदान उन्हाळ्यात बाहेर तरी पडतं."

तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्याच कॅम्पला, त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे केला. "ओवून दे रे." चष्मा बदलला असेल, मला वाटलं. मी ओवून दिली. त्यांनी टाका घालायला हात पुढे नेला तेव्हा सुई कापडाच्या वर नुसती थरथरत राहिली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तोही हात थरथरत होता. थोड्या वेळानं त्यांनी निशाणाची घडी केली आणि ती पेटीत ठेवली.

"तंबूत उजेडच नाही पुरेसा," सार्जंट म्हणाले. बाहेर दुपार होती. 

पुढच्या दोन्ही कॅम्पला निशाणाची ती फाटलेली कड तशीच राहिली. वाऱ्यानं ती दर वेळी थोडी वाढत होती. मी बायकोकडे शिवून आणू का, असं सार्जंटना विचारलं. "ती करेल. तिला जरा बरं वाटलं की करेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला केंटमधल्या एका किल्ल्याच्या माळावर मोठा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, माळाचा मधला भाग नुसता चिखल. त्या दिवशी बायकोही आली होती. ती सार्जंटबाईंच्या शेजारी दोरीपलीकडे बसली.

सगळं नेहमीसारखं सुरू झालं. ड्रम, रांगा, फैरी. धूर खाली बसला. कार्यक्रम असा ठरलेला: पहिल्या हल्ल्यात माझ्या दोन्ही बाजूंचे सार्जंट पडणार, मग घोडी येणार, मी गुडघ्यावर येणार, ओढाताण, आणि निशाण जाणार. डावीकडचा सार्जंट, म्हणजे माझा तो ऑफिसातला टेस्टर, वेळेवर पडला. त्याला चिखलातली जरा कोरडी जागाही सापडली.

उजवीकडचे आमचे सार्जंट पडले नाहीत.

मला वाटलं गुडघा अडला असेल. मी हळूच म्हणालो, "सार्जंट, पडा."

"नाही."

"घोडी आली."

"दिसतेय मला."

ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले, भाला आडवा धरून. डाव्या हातानं त्यांनी मागे न बघता निशाणाचा दांडा पकडला, माझ्या मुठीच्या वर. भालाईत बाई वेगात आली, तिनं त्यांना पाहिलं आणि लगाम खेचला. घोडी तिरकी झाली, तिच्या पायांनी चिखल आमच्या अंगावर उडाला.

"तुम्ही मेलाय!" ती ओरडली.

"अजून नाही," सार्जंट म्हणाले.

तिनं एक चक्कर मारली आणि पुन्हा आली. ते हलले नाहीत. प्रेक्षकांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. टाळ्या सुरू झाल्या, मग आरोळ्या. लाउडस्पीकरवर माहिती सांगणारा माणूस 'या क्षणी निशाण शत्रूच्या हाती पडलं' इथपर्यंत आला होता, तो वाक्य अर्धवट सोडून गप्प झाला. फ्रेंच पायदळ आमच्यापर्यंत पोचलं आणि काय करावं ते न कळून थांबलं. त्यांचा कॅप्टन अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, मरा की आता!"

मला सार्जंटचा हात दिसत होता. दांड्यावर बोटं पांढरी पडली होती. मी दांडा सोडू शकत होतो, पण सोडून उपयोग नव्हता, कारण तो माझ्याकडे नव्हताच. घोडी आता घाबरली होती. कान मागे टाकून ती पाय आपटत होती. तिसऱ्यांदा ती आमच्याकडे वळेना, तेव्हा बाई तिला घेऊन मैदानाबाहेर गेली. आमच्या मेजरनं घाईघाईनं माघारीची ऑर्डर दिली आणि आम्ही निशाण घेऊन चालत बाहेर आलो. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्या पलटणीला इतक्या टाळ्या त्या लढाईत कधी मिळाल्या नव्हत्या.

आम्ही मैदानाबाहेर आल्याबरोबर भालाईत बाई घोडीवरून उतरली आणि सरळ सार्जंटच्या समोर आली. 

"घोडीला नाटक कळत नाही. तिला एवढंच कळतं की एक माणूस टोकदार काठी घेऊन समोर उभा आहे आणि बाजूला होत नाहीये. ती उधळली असती, दोरीपलीकडे गेली असती, तर? तिथे मुलं बसली होती."

"तुझं बरोबर आहे," सार्जंट म्हणाले.

"मग का केलंत?"

सार्जंट भाल्यावरचा चिखल पुसत राहिले. ती रागानं निघून गेली. ती चुकीचं काहीच बोलली नव्हती, आणि त्यांनाही ते मान्य होतं.

मी निशाण गुंडाळून त्यांच्या मागोमाग तंबूत गेलो. सार्जंटबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बायको चहा ओतत होती. सार्जंट खोक्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं तुला?" बाईंनी विचारलं.

"पडलो नाही."

"ते दिसलं. सगळ्या केंटला दिसलं. का पडला नाहीस?"

ते टोपीवरचा चिखल नखानं खरवडत बसले. मी बाहेर जावं म्हणून उठलो, तर बाईंनी हातानंच मला बसायला सांगितलं.

"चिखल बघितलास ना?" सार्जंट शेवटी म्हणाले. "आज ते चिखलात गेलं असतं तर उभंच फाटलं असतं. मग कोण शिवणार होतं?"

हे त्यांनी मोठ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बायकोचा चहा ओतणारा हात थांबला.

सार्जंटबाईंनी दोन्ही हात समोर धरले. आता त्या ते लपवत नव्हत्या. बोटं हलत होती, जणू हवेत काहीतरी मोजत होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तू पडला नाहीस म्हणून हे थांबलंय का?"

"नाही."

"मी ते जपून ठेवायला शिवलं नव्हतं. जपायचं असतं तर पडदे शिवले असते. फाटलं तर फाटलं. दुसऱ्या कुणाला शिवता येत नाही का? तुला दोन हात आहेत. याला दोन आहेत."

"मला शिवता येत नाही," सार्जंट म्हणाले.

"मलाही आधी येत नव्हतं. चहा घे."

त्यांनी चहा घेतला.  बायकोनं मराठीत मला म्हटलं, "बाहेर चल." आम्ही तंबूमागे जाऊन उभे राहिलो. ती डोळे पुसत होती आणि मला म्हणाली की तिला धूर लागलाय.

संस्थेच्या कमिटीनं सार्जंटना उरलेल्या सीझनसाठी रांगेतून बाहेर ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही. भालाईत बाईकडे ते स्वतः गाडी चालवत गेले, घोडीसाठी गाजरांची पिशवी घेऊन. तिनं त्यांना आत बोलावलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, पण परतायला त्यांना संध्याकाळ झाली होती.

त्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. मेट्रोपॉलिटन लाइनच्या पार शेवटच्या स्टेशनाजवळ त्यांचं घर होतं, समोर छोटी बाग आणि गॅरेजमध्ये जुने बॉयलर. जेवणाच्या टेबलावर निशाण पसरायचं. सार्जंट एका बाजूला, मी दुसऱ्या. बाई मध्ये खुर्चीवर बसून सांगायच्या आणि आम्ही शिवायचो. जाड बोटांत ती बारीक सुई धरून सार्जंट इतके घामाघूम व्हायचे की खिडकी उघडावी लागायची. रेशीम हातातून निसटतं. जोरात ओढलं की चुणी पडते, सैल सोडलं की टाका लोंबतो. मी तर पहिल्या दिवशी निशाणाबरोबर टेबलक्लॉथही शिवला.

बायको पाहायला आली आणि हसून हसून खाली बसली. "हा धावदोरा आहे? मुंग्या तरी सरळ चालतात." तिला शिवण चांगलं येत होतं. तिनं सुई घ्यायला हात पुढे केला, तर बाईंनी तिला थांबवलं. "नको. यांनाच करू दे. तू माझ्याशी बोल."

मग त्या दोघी खिडकीपाशी बसून बोलायच्या. बायको डब्यात चिवडा घेऊन जायची. बाईंना हातानं तो उचलता यायचा नाही, सांडायचा, म्हणून बायकोनं त्यांना तळहातावर घेऊन तोंडात टाकायची आपली पद्धत शिकवली. तसा त्यांना तो बरोबर जमायचा. आजाराबद्दल त्या मोकळेपणानं बोलायच्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, औषधं दिली होती, आणि पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं होतं. सार्जंट मात्र ते शब्द निघाले की डोकं निशाणात घालायचे.

वसंत आला तोवर निशाण पुरं झालं. जवळून पाहिलं तर अगदी वाईट दिसत होतं. बाईंची फुलं आणि आमचे टाके यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. काठावर एके ठिकाणी सार्जंटनी काळा दोरा वापरला होता, कारण त्या दिवशी पिवळा संपला होता आणि त्यांना थांबवेना. लांबून, दांड्यावर चढवल्यावर, काही कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यातला पहिला कार्यक्रम मिडलँड्समधल्या एका मोठ्या बागेत होता. कमिटीनं सार्जंटना परत रांगेत घेतलं होतं. तालमीच्या वेळी भालाईत बाई घोडीला चालवत त्यांच्याजवळ घेऊन गेली, घोडीनं त्यांच्या खिशात तोंड घातलं, आणि विषय मिटला.

लढाई सुरू झाली. पहिल्या हल्ल्यात टेस्टर पडला. त्यानंतर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून उजवीकडे पाहिलं. सार्जंटनी भाला टाकला, छातीवर हात नेला आणि अधू गुडघा सांभाळत, ते एका अंगावर, नीट पडले. घोडी आली. मी गुडघ्यावर बसलो. दांडा वरून खेचला गेला, मी एक श्वास धरून ठेवला. खरं सांगायचं तर तो श्वास त्या दिवशी जरा लांबला. हातात सगळा हिवाळा होता. भालाईत बाईनं वरून माझ्याकडे पाहिलं आणि मी सोडलं. मग मी सार्जंटच्या शेजारी आडवा झालो.

मेलेल्यांनी हलायचं नसतं आणि बोलायचं तर मुळीच नसतं. आम्ही दोघं तोंडावर हात घेऊन पडलो होतो. आमच्या आजूबाजूनं बूट धावत होते. गवतात मुंग्या होत्या.

"पडलं का ते?" सार्जंटनी ओठ न हलवता विचारलं. "निशाण. जमिनीवर पडलं का?"

मी एक डोळा उघडला. लांबवर घोडी वळत होती. "नाही. हातात आहे तिच्या. लोक हुर्यो करतायत."

"करू देत."

थोडा वेळ आम्ही मेलेले राहिलो. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही नसू. मुलीकडे जातोय, डेव्हनला. तिच्या घरात खालच्या मजल्यावर खोली आहे. हिला आता जिना चढवत नाही."

"कधी ठरलं?"

"काल. म्हणजे हिनं कधीच ठरवलं होतं. मी काल हो म्हणालो."

 मी म्हणालो, "समुद्राजवळ आहे का?"

"जवळच. हिला आवडेल. मला मासे पकडायला लागतील, त्याचा कंटाळा येतो." एक फैर झाली, तेवढं ते थांबले. "घर विकायला काढलंय. बॉयलर कोण नेणार आहे देव जाणे. तुला हवाय एखादा?"

"घरमालक ठेवू देणार नाही."

ते हसले. मेलेला माणूस हसताना पोट हलतं, ते थांबवता येत नाही. शेजारी मेलेला टेस्टर दातांतून म्हणाला, "गप्प बसा दोघं. मुलं बघतायत."

शेवटी ड्रम वाजला आणि लाउडस्पीकरवरच्या माणसानं मेलेल्यांना उठायला सांगितलं. हे दर वेळी होतं आणि लोक त्याला सगळ्यात जास्त टाळ्या देतात. मी उठलो आणि सार्जंटना हात दिला. गुडघा आखडला होता, त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. दोरीपलीकडे सार्जंटबाई खुर्चीत होत्या आणि बायको त्यांच्या खांद्यावर शाल नीट करत होती. सार्जंटनी कोटावरचं गवत झटकलं, टोपी शोधली, आणि आम्ही त्या दोघींच्या दिशेनं चालायला लागलो. त्यांना माझ्या खांद्याचा आधार लागत होता, म्हणून जरा हळूच.